मामांचा प्रोसेसर

मामांनी आपल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा की नाही हे ठरवायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्या वेळात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, झालं, तिला मुलगी झाली आणि ती मुलगी रांगायलाही लागली. अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू दे. त्या घरात वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाडेकरू होते आणि त्यातली अडीच वर्षं मी हा एकच विषय ऐकला आहे. सकाळी पाणी सोडताना ऐकला आहे, कपडे वाळत घालताना ऐकला आहे, आणि एकदा तर ताप आलेला असताना कपाळावर पट्टी ठेवून ऐकला आहे.

मामा म्हणजे काही माझे मामा नव्हेत. तिकडे तंजावरला असल्या घरांतून घरमालकाला मामा आणि मालकीणबाईंना मामी म्हणतात. बँकेने माझी बदली मिरजेहून उचलून थेट तंजावरला केली तेव्हा तमिळचं एक अक्षर मला येत नव्हतं. बँकेतल्या शिपायाने सांगितलं, मेला वीदी नावाच्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक मराठी बोलणारं घर आहे, वरची खोली रिकामी आहे. मी धावत गेले. दारात मामा उभे. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, खिसा असलेला बनियन आणि कानावर पेन्सिल. मी एका दमात नाव, गाव, नोकरी सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परत सांगा. हळू. तुमची मराठी फार धांवते."

परत सांगितलं, हळू सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "खोली तुम्हांस द्यायची कीं नाहीं, पाहूं. पाप्पोम."

पाप्पोम म्हणजे तमिळमध्ये 'बघू या'. हा शब्द मी तमिळमधला पहिला शब्द म्हणून शिकले. मला तेव्हा वाटलं, उद्या कळवतील. एकोणीस दिवस मी लॉजवर काढले. रोज संध्याकाळी जायचं, रोज एक नवा प्रश्न. रात्री दिवा कधी मालवता? कपडे पिळून वाळत घालता कीं तसेच? विसाव्या दिवशी मामी मागच्या दाराशी आल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही राहायला या. त्यांचं ठरायच्या आंत तुमच्या पेटीला वाळवी लागेल." मामांनी पुढे कधीतरी खोली द्यायचं ठरवलंही. तोवर मी तिथे दोन दिवाळ्या केल्या होत्या.

मामांचा जन्म वीज मंडळाच्या सबस्टेशनात गेला. बरीच वर्षं ओरत्तनाडूला, मग शहरात. तिथे दर तासाला मीटर बघायचं, आकडा वहीत लिहायचा आणि काहीही झालं तरी वरून हुकूम आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ही शिस्त ते घरी घेऊन आले. घरातल्या पंख्याला गती द्यायची तरी आधी दोन मिनिटं खाली उभं राहून वर बघायचे. मिक्सर घ्यायचा ठरवायला त्यांनी दीड वर्ष लावलं, तोवर मामी पाट्यावर वाटत होत्या. आणि दीड वर्षाने मिक्सर आला तो कसा? मामींच्या भावाने भेट दिला. मामा आजतागायत म्हणतात, "तो माझा निर्णय नव्हे."

निर्णय घेण्याची त्यांची एक पद्धत होती. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखायचे. पहिला, 'केल्यास'. दुसरा, 'न केल्यास'. आणि तिसरा, 'थांबल्यास'. माणसं दोनच रकाने आखतात. हे तिसरा आखायचे, आणि तिसऱ्या रकान्यातच सगळ्यात जास्त मुद्दे निघायचे. हे सगळं तमिळ लिपीत, कारण मामा मराठी बोलतात आणि लिहितात, पण देवनागरी वाचत नाहीत. मी एकदा म्हटलं, मी शिकवते, आठ दिवसांत येईल. म्हणाले, "पाप्पोम."

आता कॉम्प्युटर. तो होता टेबलावर ठेवायचा जुना डेस्कटॉप. त्यांच्या भाच्याने परदेशी जाताना देऊन टाकलेला. मामा त्याच्यावर वीजबिल बघायचे आणि पंचांग बघायचे, आणि तेवढ्याला तो पुरेसा होता. पण शनिवारी सकाळी दहाला त्याच्यापुढे मामी बसायच्या, आणि खरा प्रश्न तिथे होता.

मामींचा एक वर्ग होता. फी नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. चेन्नई, बंगळूर, कोयंबतूर, एक सिंगापूर, अशी पांगलेली त्यांच्या नात्यातली अकरा पोरं. सगळ्यांना घरातली मराठी कळायची, पण बोलताना तोंडातून तमिळ नाहीतर इंग्रजी यायचं. मामी त्यांना व्हिडिओवर गोळा करायच्या आणि तासभर नुसत्या गप्पा मारायच्या. आज कांय जेवलास? आमटींत कांय होतं? तुझ्या शेजारची ती मांजर व्याली कीं नाहीं? नियम एकच, उत्तर मराठीत द्यायचं, चुकलं तरी चालेल. शनिवारी मामी सकाळपासून वेगळ्याच असायच्या. फुलं माळायच्या, चांगलं लुगडं नेसायच्या, कॉफी हातात घेऊन पावणेदहालाच खुर्चीत बसायच्या. घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं, आणि मला ते फार आवडायचं.

पण अकरा पोरांची अकरा तोंडं एकदम दाखवायची म्हटलं की त्या डेस्कटॉपला धाप लागायची. मामी सांगत असत, "मग ती वेडी कावळीण..." आणि थांबायच्या. म्हणजे मामी नाही थांबायच्या, त्यांचं चित्र थांबायचं. तिकडे पोरांना तोंड उघडं राहिलेली आजी दिसायची. पहिले काही शनिवार पोरं हसली. मग त्यांचं हसणं बंद झालं, आणि मग येणंही. अकराची सात झाली, साताची चार. कोणाला पोहण्याचा वर्ग लागला, कोणाला गणिताचा. मामी म्हणायच्या, "पोरांस वेळ कोठे असतो हो." आणि फुलं तेवढीच माळायच्या.

मग मामांनी हा प्रश्न हातात घेतला, असं मी म्हणणार होते. खरं म्हणजे त्यांनी तो मांडीवर घेतला आणि थोपटत बसले.

आधी त्यांनी निरीक्षण सुरू केलं. वर्ग चालू असताना मामींच्या मागे स्टूल टाकून बसायचे आणि वहीत नोंद करायचे. दहा वाजून बारा मिनिटांनी अडकलं. दहा चौदाला सुटलं. दहा एकोणीसला आवाज आहे, चित्र नाहीं. मी विचारलं, "मामा, ह्याचं करणार काय?" म्हणाले, "आधी रोग कळला पाहिजे." रोग अख्ख्या गल्लीला कळला होता. ह्यांनी तीन महिन्यांची नोंद केली, आणि मग म्हणाले की हे सगळे उन्हाळ्याचे महिने झाले, पावसाळ्याचेही पाहिले पाहिजेत.

शहरात सेल्वम नावाचा एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता, भला माणूस. मामा आठवड्यातून दोनदा त्याच्या दुकानी जायचे आणि काहीही न घेता परत यायचे. सेल्वम त्यांना पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता: "सार, ही मशीन म्हातारी झाली. नवी घ्या. नाही घ्यायची तर निदान हिच्यात मोठा प्रोसेसर बसेल, तो जुन्या बाजारात मिळतो, मी आणून बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम." मामा ऐकायचे, घरी यायचे आणि मला म्हणायचे, "तो विकणारा. तो विकायचंच सांगणार." मग मला विचारायचे. मी म्हणायचे, बदला. "तुम्ही बँकेंतल्या. तुम्हांस यंत्रांतलं कांय कळतं?" मग कशाला विचारता, असं तोंडावर यायचं. पण भाडेकरूचं तोंड.

त्यांची मुख्य काळजी उष्णतेची होती. "जुना प्रोसेसर पासष्ट वॅटचा. नवा पंच्याण्णवचा. वरचे तीस वॅट जाणार कोठे?" मी म्हटलं, हवेत जातील. "कोणाच्या हवेंत? आमच्याच नव्हे?" तंजावरच्या मे महिन्यात बाहेर शहाळंसुद्धा कोमट लागतं, तिथे ह्यांना तीस वॅटची धास्ती. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजूच काढून ठेवली आणि समोर टेबलफॅन लावला. पंख्याच्या आवाजात मामींचं बोलणं पोरांना ऐकू येईना. शिवाय डब्यात पाल जाऊन बसली. तिला बाहेर काढावी की नाही यावर एक कॅलेंडरचं पान खर्ची पडलं.

माझा लॅपटॉप मी देऊ केला होता. पण तो बँकेचा, त्यात बँकेखेरीज काही उघडत नाही. फोनवर वर्ग घ्या म्हटलं तर मामींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, एवढ्याशा पडद्यावर कोण कोणता ते त्यांना उमजत नसे. "नुसत्या आवाजाला कांय शिकवूं?" त्या म्हणायच्या. "तोंड दिसलं म्हणजे कळतं, ह्यास शब्द आठवत नाहीं, मग पुढचा मी देतें." मला वाटायचं, ह्या बाई एकदाच तरी मामांवर ओरडतील. ओरडल्या नाहीत. उलट मामांनी नवा मुद्दा काढला की हातातलं काम टाकून ऐकायच्या, आणि वर म्हणायच्या, "हें मला सुचलंच नव्हतं." मामा खूश. मी जिन्यात उभी राहून दात खायचे.

ह्या सगळ्यावर मामांचा एक लाडका सिद्धांत होता, तो ते कोणालाही ऐकवत. "तुम्ही महाराष्ट्रांतले लोक दर दहा वर्षांनीं मराठी बदलतां. नवे शब्द घालतां, जुने टाकतां. आमची पाहा. आमचे पूर्वज येथे घेऊन आले तीच. इतक्या पिढ्या गेल्या, कांहीं अपग्रेड नाहीं. चालते कीं नाहीं? मग?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खदखदून हसले होते. तिसाव्यांदा ऐकलं तो शनिवार होता. त्या दिवशी मामींच्या वर्गाला दोनच पोरं आली होती, आणि त्यातलं एक मध्येच उठून गेलं होतं. मामी आत भांडी घासत होत्या. फुलं तशीच डोक्यात. मामा वही मिटून मला म्हणाले, "आमची मराठी पाहा, कांहीं अपग्रेड नाहीं, चालते कीं नाहीं?"

माझा तोल गेला. म्हटलं, "चालते हो मामा. पण बोलणारे किती उरले? आज दोन. पुढच्या शनिवारी मामी आणि तुमची ती पाल."

बोलले आणि जीभ चावली. मामांनी मिटलेली वही परत उघडली. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी वहीत ठेवली आणि आत गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हातारा माणूस, आपल्याच घरात त्याला असं बोलायची मला काय गरज होती?

सोमवारी मी बँकेतून परतले तर मामा ओसरीवर. हातात बिस्किटाएवढा एक छोटा डबा. "घेतला," म्हणाले. मला वाटलं, बिस्किटच असेल. प्रोसेसर होता. पंच्याण्णव वॅटचा.

नवरात्र चालू होतं. मामींच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी अकराही घरी फोन लावले. विजयादशमीला नवी विद्या सुरू करायची तिकडे रीत आहे, लहान मुलांना अक्षर त्याच दिवशी गिरवायला देतात. मामींनी तेच धरलं. "त्या दिवशीं सकाळीं दहाला सगळीं या. आतां चित्र अडकायचं नाहीं. परत आरंभ करूं." आणि अकराही घरांनी हो म्हटलं. विजयादशमीला नाही कसं म्हणणार? कोणी म्हणालं, एवढी एक वेळ बघतो, पोरं रमली तर पुढे पाठवतो. म्हणजे सगळं त्या एका सकाळवर आलं.

नवमीच्या आदल्या दिवशी सेल्वम हत्यारांची पिशवी घेऊन आला. डबा उघडला, पाल पळाली, जुना प्रोसेसर काढून त्याने टेबलावर ठेवला आणि नव्याला हात घातला. तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा."

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशी तिकडे आयुधपूजा. पण तिकडचं प्रकरण मोठं. बस, रिक्षा, शिवणयंत्र, अडकित्ता, आमच्या बँकेतला शिक्का, जे जे हाताखाली येतं त्याला चंदन-कुंकवाचे टिळे. पूजेत मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरली की मगच वापरायची. मामांचं म्हणणं, नुकती आणलेली नवी वस्तू उद्याची पूजा चुकवून कामाला कशी लावायची? आधी पूजा, मग जोडणी. मी सेल्वमकडे आशेने बघितलं. सेल्वम मान डोलावून म्हणाला, "बरोबर आहे सार." तोही तिथलाच. दुकानाला त्यानेही केळीचे खांब बांधले होते. विजयादशमीला सकाळी आठला येतो म्हणून तो गेला.

नवमीला मी पूजा बघायला खाली उतरले नाही, मिरजेच्या मैत्रिणींशी फोनवर बोलत बसले. उतरले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

विजयादशमीला आठाला सेल्वम आला. मामांनी मंगल म्हणून कापूर लावला, पूजा उतरवली आणि पाटावरचं तबक उचलून त्याच्यापुढे धरलं. सेल्वमने बघितलं आणि तो खालीच बसला.

मामांनी प्रोसेसर डब्यातून काढून पुजला होता. "आयुध तें. डबा नव्हे," हे त्यांचं स्पष्टीकरण. वर मधोमध चंदनाचा ठसठशीत टिळा, त्यात कुंकू. चार कोपऱ्यांना चार. आणि रिक्षाला पुढून-मागून दोन्हीकडून लावतात म्हणून उलटा करून खालीही. ह्या जातीच्या प्रोसेसरला खाली केसाएवढ्या शेकडो बारीक पिना असतात. त्या पिनांच्या जंगलात चंदन रात्रभर वाळून दगड झालं होतं.

"जुना?" मी ओरडले. "जुना तर आहे ना? तो बसवा!"

जुना शेजारीच होता. त्यालाही टिळे, त्यालाही मागून-पुढून, वर एक जाईचं फूल. मामा म्हणाले, "इतकी वर्षं सेवा केली. रिटायर होतोय. त्यास मान नको?"

मी भिंतीला टेकले. सेल्वम "डब्याला लावायचं सार, डब्याला" एवढंच पुटपुटत होता. मग तो उठला, म्हणाला, दुकानातून स्पिरिट आणतो, ते लावून सावकाश सोडवतो, कदाचित वाचेल, तोवर कोणी हात लावू नका. आणि गाडीला किक मारून गेला.

मामी दारात उभ्या होत्या. नवं लुगडं, फुलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, नऊ वाजले होते. मग मामांकडे बघितलं.

त्या बघण्याने मामांचं काय झालं मला माहीत नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात हुकमाशिवाय बटणाला हात लावला नाही, तो माणूस ताडकन उठला, न्हाणीघरातून दात घासायचा ब्रश घेऊन आला आणि मी "मामा, नको, मामा!" म्हणत असताना त्या पिनांवर खसाखसा घासू लागला. आधी नवा, मग जुना. चंदन निघालं. सेल्वम परत आला तेव्हा दोन्ही प्रोसेसर स्वच्छ होते आणि दोन्हींच्या पिना वादळानंतरच्या भातासारख्या एका बाजूला झोपल्या होत्या. मामांनी आयुष्यात न ठरवता केलेलं ते पहिलं काम.

दहा वाजले. मी माझा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि मामींना समोर बसवलं. अकराही पोरं आली होती, पण मामींना एकाचंही तोंड दिसत नव्हतं. त्या डोळे बारीक करून नुसत्या आवाजाकडे बघून हसत होत्या. एकीला वाटायचं आजी आपल्याशी बोलतेय, आजी भलत्याचंच नाव घ्यायची. चेन्नईची एक पोरगी, आठेक वर्षांची, तिने शब्द जुळवत जुळवत विचारलं, "आजी, मी तुला दिसत्यें?"

"दिसतेस कीं," मामी म्हणाल्या. "केवढी मोठी झालीस!"

मामा दाराशी उभे होते. त्यांना ऐकू गेलं.

वर्ग संपला, पानं वाढली, जेवणं झाली. मामी हात पुसून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चला."

"कोठे?" मामांनी विचारलं.

"दुकानीं," मामी म्हणाल्या, आणि चपला घातल्या.

रिक्षात बसल्यावर मी सगळा राग ओकून टाकला. "मामी, हे तुम्ही पहिल्याच महिन्यात का केलं नाहीत? अडीच वर्षं! कशाला त्यांच्या हातात दिलंत?"

त्या बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर ते रोज सकाळीं आठाला शर्ट घालून ओसरीवर बसायचे, तुम्हीही येतां-जातां पाहिलांत. ऑफिसांतलं कोणी विचारायला येईल म्हणून. अमुक लाइन कशी केली होती, तमुक चावी कोठे. कोणी आलं नाहीं. एक वर्ष बसले. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. मग मी सांगितलों, कॉम्प्युटर हळू चालतोय, कांय करायचं तें तुम्ही ठरवा. दुसऱ्या दिवसापासून माणूस उठून हिंडूं लागला. मला वाटलं, दोन-तीन महिने जातील." आणि मग, "त्यांच्यासाठीं पोरं घालवलों मी. आज ती विचारली, दिसत्यें का म्हणून, आणि मी खोटं बोललों. तेवढं पुरे."

अडीच वर्षं मी जिन्यात उभी राहून ज्या 'हें मला सुचलंच नव्हतं'वर दात खात होते, ते मामी औषधासारखं रोज मोजून देत होत्या.

दुकानात मामींनी समोरचा मोठ्या पडद्याचा लॅपटॉप बोटाने दाखवला. "ह्यांत अकरा पोरांची तोंडं मोठीं दिसतील?" दुकानदार म्हणाला, दिसतील. "अडकणार नाहीं?" नाही. "मग हाच द्या." पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा खोका बांधायला. येताना रिक्षात खोका मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "माझं झालं. पण आतां त्यांस ठरवायला कांय देऊं, सांगा."

घरी आलो. मामांनी खोका बघितला. किती वॅटचा, म्हणून विचारतील असं वाटलं होतं. विचारलं नाही. "चांगलं केलांत," एवढंच म्हणाले आणि पाठ करून ओसरीवर जाऊन बसले. दसऱ्याचा दिवस, गल्लीत पोरांचा कल्ला, आणि हा माणूस रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत बसलेला. मला वाईट वाटलं. चार वर्षांत ह्या माणसाने मला फक्त राग आणला होता, आणि आता रडू आणायची वेळ आणली, ह्याचाही राग आला.

माझ्या पर्समध्ये आठवड्यापूर्वी आलेला बदलीचा हुकूम होता. नागपूर. मी जाऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"मामा, एक विचारायचं होतं. मला नागपूरला जावंच लागणार. पण तिथून परत तंजावर मागून घ्यावं की घेऊ नये, काही सुचत नाहीये. अर्ज करता येतो. करावा का?"

मामांनी मान वळवली. मग हात कानाकडे गेला, पेन्सिल नव्हती, तर आत वळून हाक मारली, "अहो, पेन्सिल आणा!" आणि मला म्हणाले, "घाई करूं नका. आधी सगळं सांगा. हळू."

ह्याला आता दोन वर्षं होत आली. मामींच्या वर्गात सध्या चौदा पोरं आहेत, सेल्वमचीही एक मुलगी गंमत म्हणून बसते. आणि दर रविवारी सकाळी नऊला, बरोबर माझं दूध गॅसवर असताना, मला तंजावरहून फोन येतो. नागपूरला मे महिन्यात पारा किती चढतो? घराची खिडकी कोणत्या दिशेला? बँकेत आता साहेब कोण, त्यांचा स्वभाव कसा? दूध उतू जातं, ओटा पुसावा लागतो, रविवारचं वाटोळं होतं, आणि मी वैतागून, अगदी मनापासून वैतागून, एकेका प्रश्नाचं उत्तर देते. मागून मामींचा आवाज येतो, "हें तर मला सुचलंच नव्हतं."

अर्ज करायची मुदत गेल्याच वर्षी संपली. मी त्यांना सांगितलेलं नाही.

"अजून नक्की नाहीं," ते म्हणतात. "तुम्ही रागावूं नका."

"छे हो मामा," मी म्हणते. "तुमचं ठरेपर्यंत मी इथून हलत नाही."